डिप्लॉय झालं की साइट पुन्हा उघडीबोडकी: स्टॅटिक फायली, परवानग्या आणि वारंवार येणारा ४०३

लक्षण ओळखीचं आहे. साइट चालू असते, पान उघडतं, मजकूरही येतो. पण रंग गेलेले, मांडणी विस्कटलेली, मेनूच्या जागी निळ्या दुव्यांची उतरंड आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब पाहिला की सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) आणि फोटोंच्या ओळींसमोर ४०३, म्हणजे ‘मनाई’. सर्व्हरवर जाऊन परवानग्या बदलल्या की सगळं जागेवर. मग पुढचं डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) होतं, आणि येरे माझ्या मागल्या.

मी इंदूरमधल्या एका मराठी मंडळाची साइट सांभाळते. साइट लिहिलेली जँगो ४.२ या पायथनच्या चौकटीत, ती चालवणारा गनिकॉर्न, पुढे ब्राउझरशी बोलणारा इंजिनएक्स, खाली लिनक्सचं उबुंटू २२.०४. वाचनालयाची यादी, कार्यक्रमपत्रिका आणि फोटो, फोटो, फोटो. ही साइट नेमकी सणाच्या दिवशीच बिघडते, कारण नव्या फायली सणालाच चढतात. गेल्या अनंत चतुर्दशीची गोष्ट. गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या नावाच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर निघतातच, आणि मंडळाने त्यांच्यासाठी साइटवर नवा विभाग उघडला होता. रात्री साडेअकराला मी सराफ्यात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण हातात धरून उभी, तेवढ्यात सचिवकाकांचा फोन: “अगं, साइट परत उघडी पडली. जुनी पानं ठीक आहेत गं, झांक्यांचं तेवढं नीट दिसत नाहीये.”

अर्धं निदान काकांनी त्या एका वाक्यात करून दिलं होतं. जुनं ठीक, नवं तेवढं बिघडलेलं. माझ्या ते डोक्यातच शिरलं नाही. मी मोबाइलवरूनच सर्व्हरवर शिरले, अख्ख्या स्टॅटिक फोल्डरवर (सीएसएससारख्या तयार फायलींची जागा) ७५५ ही परवानगी फिरवली, साइट दिसली, कीस संपवला. दिवाळी पहाटेच्या वेळी पुन्हा तेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र लाज वाटली आणि नीट बसले.

एक खुलासा आधीच करते. इथे सगळ्या आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या. परवानग्यांच्या बाबतीत उचलून चिकटवण्यापेक्षा एकेक अक्षर हाताने टाइप केलेलं बरं, असं माझं मत आहे. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून लॉगिन असताना तर नक्कीच.

आधी लॉग, मग चमॉड

४०३ दिसला की हात आपसूक चमॉडकडे, म्हणजे परवानग्या बदलणाऱ्या आज्ञेकडे, जातो. तो आवरा आणि इंजिनएक्सचा एरर लॉग उघडा:

टेल -एफ /वार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग

दुसऱ्या खिडकीत बिघडलेलं पान पुन्हा लोड करा. लॉगमध्ये फाइलचा पूर्ण मार्ग येतो आणि पुढे कंसात एक आकडा. हा आकडा लिनक्सच्या कर्नलने दिलेला असतो, इंजिनएक्सच्या पदरचा नाही. १३ असेल तर ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे वाट अडवली आहे. २ असेल तर ‘नो सच फाइल’, म्हणजे त्या जागी फाइलच नाही. तेव्हा ब्राउझरला ४०४ जातो आणि मग परवानग्यांशी झटापट करण्यात अर्थ नाही, पत्ता चुकलाय. तिसराही प्रकार आहे. लॉगमध्ये ‘डिरेक्टरी इंडेक्स फॉरबिडन’ असं आलं तर कुणीतरी फाइलऐवजी नुसतं फोल्डर मागितलं आहे. तोही ४०३च, पण त्याचा परवानग्यांशी काही संबंध नाही आणि बहुतेक वेळा तो तसाच असू द्यावा.

माझ्याकडे १३ होता. मग मी फाइल पाहिली. एलएस -एल ने दाखवलं ६४४ (मालक, गट आणि इतर असे तीन आकडे; प्रत्येक म्हणजे वाचणं ४, लिहिणं २, ‘एक्स’ १ यांची बेरीज): मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकी सगळ्यांना वाचता येतं. फाइल अगदी निर्दोष, आणि तरीही ४०३. इथेच बहुतेक जण गोंधळतात, मीही गोंधळले.

फाइल उघडी, दिंडी दरवाजा बंद

फाइलवरची परवानगी आणि फोल्डरवरची परवानगी यांची अक्षरं सारखीच, अर्थ वेगळे. फाइलवर ‘एक्स’ म्हणजे चालवता येणे. फोल्डरवर ‘एक्स’ म्हणजे आतून पार जाता येणे, आणि ‘आर’ म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी वाचता येणे. जुन्या वाड्यात माजघराचं दार सताड उघडं असलं तरी दिंडी दरवाजाला अडसर असेल तर पाहुणा रस्त्यावरच. इंजिनएक्सला एक सीएसएस वाचायची तर मुळापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर त्याच्यासाठी ‘एक्स’ हवा. मधला एकही अडला की १३.

हे एका दमात दाखवणारी आज्ञा उबुंटूवर आधीपासून असते, पण फार कमी लोक वापरतात:

नेमआय -एल /एसआरव्ही/मंडळ/स्टॅटिक/संक्रांत/संक्रांत.सीएसएस

ती मार्गातला एकेक तुकडा वेगळ्या ओळीवर ठेवते. समोर परवानगी, मालक, गट. माझ्याकडे वरपासून ‘स्टॅटिक’पर्यंत सगळं ७५५, मालक डिप्लॉय. पुढची ओळ ‘संक्रांत’: मालकाला तिन्ही अक्षरं आणि बाकीच्यांसाठी नुसत्या रेघा, म्हणजे ७००. मालक रूट, गट रूट. त्याखाली सीएसएस, ६४४, बिचारी.

दुसरी खात्री प्रत्यक्ष इंजिनएक्सच्या अंगात शिरून करायची:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट, आणि पुढे फाइलचा तोच मार्ग

उबुंटूवर इंजिनएक्सचे कामकरी प्रोसेस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाने चालतात. पीएस लावून पाहिलं तर मुख्य प्रोसेस रूटचा दिसतो आणि ‘रूट आहे, मग त्याला काय अडणार?’ असं वाटतं. फायली वाचतात ते कामकरी, मुख्य प्रोसेस नव्हे. स्वतःच्या लॉगिनने कॅट करून “मला तर दिसतंय की” म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

हे फोल्डर जन्माला घातलं कोणी?

आता कुठे मी बरोबर प्रश्न विचारला. आतापर्यंत विचारत होते, परवानगी किती आहे. विचारायला हवं होतं, हे कोणी आणि कसल्या वातावरणात तयार केलं.

जँगोची व्यवस्था अशी असते. प्रत्येक अॅपच्या स्टॅटिक फायली आपापल्या फोल्डरात पडलेल्या असतात. ‘कलेक्टस्टॅटिक’ ही आज्ञा त्या सगळ्या उचलून सेटिंग्जमधल्या ‘स्टॅटिक_रूट’ या एका जागी नेऊन ठेवते. तिथून पुढे जँगोचा संबंध संपतो. ‘स्टॅटिक_यूआरएल’ वापरून जँगो पानात फक्त पत्ता छापतो आणि फाइल देतो इंजिनएक्स. म्हणजे ठेवणारा एक माणूस, वाचणारा दुसरा. घरच्या लॅपटॉपवर रनसर्व्हर दोन्ही कामं एकट्यानेच करतो, डीबग चालू असतं, म्हणून तिथे हा घोळ कधीच दिसत नाही.

कलेक्टस्टॅटिक फाइल ठेवताना तिला कोणती परवानगी देतं? इथे एक बारकावा आहे आणि माझं अर्धं वर्ष त्यानेच खाल्लं. जँगो ३.० पासून ‘फाइल_अपलोड_परमिशन्स’ ही सेटिंग न लिहिताच ६४४ असते. नाव अपलोडचं असलं तरी स्टॅटिक फायलींनाही तीच लागते. पण तिची जुळी बहीण ‘फाइल_अपलोड_डिरेक्टरी_परमिशन्स’ मात्र अजूनही रिकामी असते. त्यामुळे फायली नेहमी ६४४ होतात, आणि नवी फोल्डरं आज्ञा चालवणाऱ्याच्या यूमास्कप्रमाणे होतात.

यूमास्क म्हणजे कात्री. नवं फोल्डर ७७७ म्हणून जन्माला येऊ पाहतं, यूमास्क त्यातले तुकडे कापतो. ०२२ असेल तर उरतं ७५५. ०७७ असेल तर ७००.

आमच्याकडे डिप्लॉय दोघं करतो, मी आणि दादा. मी डिप्लॉय नावाच्या युजरने करते. माझा यूमास्क ०२२. दादा “परमिशनची कटकट नको” म्हणून सुडो -आय करून रूट होतो आणि मगच कामाला लागतो. आमच्या आधी सर्व्हर पाहणाऱ्याने सुरक्षिततेसाठी म्हणून रूटच्या प्रोफाइलमध्ये यूमास्क ०७७ लिहून ठेवला होता. रूटच्या खाजगी फायलींसाठी तो निर्णय चूक नाही. पण दादाने डिप्लॉय केलं की त्या वेळी तयार झालेलं प्रत्येक नवं फोल्डर ७००, रूटच्या नावावर. जुनी फोल्डरं आधीपासून असल्याने जशीच्या तशी. म्हणून काकांची जुनी पानं ठीक आणि नवं तेवढं बिघडलेलं.

मी कलेक्टस्टॅटिक पुन्हा चालवून काही होत का नव्हतं, तेही यातच आलं. ते फाइलची बदलल्याची वेळ पाहतं. न बदललेल्या फाइलला हात लावत नाही, आणि असलेल्या फोल्डरची परवानगी दुरुस्त करत नाही. शिवाय ७०० च्या, रूटच्या फोल्डरात माझ्या डिप्लॉय युजरला शिरताच येत नाही, त्यामुळे पायथनकडून ‘एररनो १३’ पदरात पडतो. मग मी काय करायची? मीही सुडो लावायची.

खरी गोम हीच. एकदा सुडोने डिप्लॉय केलं की रूटच्या नावाच्या फायली मागे राहतात. पुढच्या वेळी साध्या युजरने जमत नाही, म्हणून पुन्हा सुडो. त्यातून आणखी रूटच्या फायली. दादाचं म्हणणं, “सुडोशिवाय होतच नाही ना!” आणि ते खरंच होतं. फक्त ते कशामुळे होत नव्हतं, हे आम्ही दोघांनी कधी पाहिलं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी मी दर सणाला ७५५ चा बंब घेऊन पळत होते.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिटसुद्धा याबद्दल बोंबलत होतं म्हणा. २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रेपॉझिटरीत काम करायला नकार देतं, ‘डुबिअस ओनरशिप’ म्हणतं. जागा सुरक्षित आहे असं नोंदवा, असा उपायही तेच सुचवतं, आणि लोक तेवढं करून मोकळे होतात. तो संदेश आला तर गप्प करण्याआधी मालकी कोणाची झाली ते एकदा बघा. जाता जाता: गिट मालक लक्षात ठेवत नाही, आणि परवानग्यांपैकी फाइल चालवता येते की नाही एवढंच ठेवतं. त्यामुळे ‘लोकल’ला नीट केलेल्या परवानग्या गिटने सर्व्हरवर जातील ही आशा सोडा.

दुरुस्ती

एकदाच करायची साफसफाई आधी. मालकी सरळ करा: चोन -आर ने स्टॅटिक फोल्डर डिप्लॉय युजरच्या नावावर. मग परवानग्या. इथे चमॉड -आर ७५५ करू नका, सगळ्या सीएसएस ‘चालवण्यायोग्य’ होतात. चमॉड -आर ६४४ तर त्याहून करू नका. सगळ्या फोल्डरांचा ‘एक्स’ जातो आणि होती नव्हती ती साइटही बसते. त्याऐवजी अक्षरांचा प्रकार वापरा: मालकाला आर, डब्ल्यू आणि मोठा एक्स, गट आणि इतरांना आर आणि मोठा एक्स. हा कॅपिटल एक्स फोल्डरांना, आणि ज्या फायली आधीच चालवण्यायोग्य आहेत त्यांनाच लागतो. हे फक्त स्टॅटिकवर चालवायचं. प्रकल्पाच्या मुळावर चालवलं तर पासवर्ड ठेवलेली एन्व्ह फाइलही जगजाहीर होते. तिला ६०० किंवा फार तर ६४० हवं.

मग सेटिंग्जमध्ये दोन ओळी:

फाइल_अपलोड_परमिशन्स = ०ओ६४४
फाइल_अपलोड_डिरेक्टरी_परमिशन्स = ०ओ७५५

पुढचं शून्य-ओ विसरू नका. ते नसेल तर पायथन ६४४ हा साधा दशमान आकडा समजतो, आणि अष्टमानात तो १२०४ होतो: मालकाला फक्त लिहिता येतं, वाचता येत नाही, गटाला काहीच नाही, परक्याला मात्र खुशाल वाचता येतं. एका संध्याकाळी मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. साइट व्यवस्थित चालू आणि माझीच फाइल मला उघडेना.

तिसरी गोष्ट डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये. अगदी वर यूमास्क ०२२, म्हणजे चालवणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये काहीही असो. आणि त्याच्याही वर एक तपासणी: चालवणारा डिप्लॉय युजर नसेल तर तिथेच थांबायचं. कलेक्टस्टॅटिक झाल्यावर फाइंड लावून अशी फोल्डरं शोधायची ज्यांवर इतरांना आर आणि एक्स नाही, आणि अशा फायली ज्या इतरांना वाचता येत नाहीत. एकही सापडली तर स्क्रिप्टने आरडाओरडा करावा. हे काकांच्या फोनपेक्षा आधी कळतं.

गनिकॉर्न सिस्टमडीतून (उबुंटूवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेतून) चालत असेल तर त्याच्या सर्व्हिस फाइलमधला यूमास्कही पाहा. सर्व्हर ‘हार्डन’ करणाऱ्या मंडळींचा हात तिथेही फिरलेला असू शकतो, आणि साइट चालू असताना जे अपलोड होतं ते त्या यूमास्कखाली जन्मतं.

गेरचे फोटो: लहान दिसतात, मोठे दिसत नाहीत

हा वेगळा आजार आहे, पण तोंडावळा तोच. साइट जँगो २.२ वर होती तेव्हाचा. रंगपंचमीला राजवाड्यासमोरच्या गेरचे (रंगांच्या मिरवणुकीचे) फोटो लोकांनी धडाधड चढवले. व्हॉट्सअॅपवरून आलेले सगळे दिसत होते. एका हौशी काकांनी चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले, सगळ्यात देखणे, तेवढे ४०३. काकांची समजूत झाली की मंडळाने मुद्दाम गाळले. फोन करून म्हणाले, “आमच्या फोटोत काही आक्षेपार्ह होतं का?”

कारण आकारात होतं. अपलोड झालेली फाइल अडीच एमबीपर्यंत असेल तर जँगो ती मेमरीत धरतो आणि शेवटी डिस्कवर नवी फाइल लिहितो. ती यूमास्कप्रमाणे ६४४ होते. अडीच एमबीच्या वर गेली की ती आधी टेम्प फोल्डरात तात्पुरती फाइल म्हणून उतरते. तात्पुरत्या फायली सुरक्षिततेसाठी ६०० नेच तयार होतात. मग जँगो तिला मीडिया फोल्डरात (अपलोड झालेल्या फायलींची जागा) हलवतो, आणि हलवलेली फाइल आपली परवानगी सोबत घेऊन येते. ३.० च्या आधी फाइल_अपलोड_परमिशन्स रिकामी असायची, त्यामुळे कुणी ती ६४४ करत नव्हतं. वरची सेटिंग लिहिली की प्रश्न मिटतो. आधी चढलेले फोटो मात्र एकदा हाताने ठीक करावे लागतात. आज नव्या जँगोवरही ही सेटिंग कुणी मुद्दाम ‘नन’ करून ठेवली असेल तर हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

हलवणे आणि कॉपी करणे यातला हा फरक सगळीकडे नडतो. एमव्हीने आणलेली फाइल माहेरचं सगळं, म्हणजे मालक, गट, परवानगी, घेऊन येते. सीपीने केलेली फाइल नव्या घरातच जन्मते. गट आपोआप लागावा म्हणून फोल्डरवर सेटजीआयडी लावलं, म्हणजे चार आकड्यांतला पहिला २ केला, तरी तो फक्त नव्याने जन्मणाऱ्यांना लागतो, हलवून आलेल्यांना नाही. आणि सेटजीआयडी गट देतं, परवानगी नाही, कात्री यूमास्कचीच. रेड हॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर एसईलिनक्स या जादा पहारेकऱ्याचं लेबलही असंच सोबत येतं: परवानग्या सगळ्या बरोबर, तरी १३. तिथे एलएस -झेड ने लेबल पाहायचं आणि रिस्टोअरकॉन चालवायचं. एसईलिनक्सच बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

सर्व्हर बदलला आणि सगळंच गेलं

नवं फोल्डर नाही, मोठा फोटो नाही, एकूण एक फाइल ४०३ देत असेल तर नेमआयच्या वरच्या ओळी बघा. प्रकल्प होम फोल्डरात असेल तर बहुधा तिथेच अडलंय. उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५५ ऐवजी ७५० करायला सुरुवात केली. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चाललेली मांडणी जशीच्या तशी २२.०४ च्या नव्या सर्व्हरवर नेली की डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा होमच्या उंबऱ्यावरच थांबतो. होम ७५५ करून काम भागतं, पण मी ते करत नाही. होममध्ये एसएसएचच्या किल्ल्यांपासून काय काय असतं. स्टॅटिक आणि मीडिया एसआरव्हीखाली किंवा वार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूखाली हलवा आणि स्टॅटिक_रूट तिकडे वळवा. हलवा म्हटलं तरी एमव्ही नको, कारण वर सांगितलंच.

१३ ऐवजी २ असेल तर इंजिनएक्सच्या कॉन्फिगमधला ‘रूट’ आणि ‘एलियस’ यांचा घोळ असतो, दहापैकी नऊ वेळा. रूट लिहिलं की इंजिनएक्स पत्त्यातला ‘/स्टॅटिक/’ मार्गाच्या शेवटी जोडतो, एलियस लिहिलं की त्याच्या जागी ठेवतो. लॉगमध्ये ‘स्टॅटिक/स्टॅटिक’ असं जोडनाव दिसलं तर रूटच्या जागी एलियस हवा. आणि एलियस वापरताना लोकेशनच्या शेवटी तिरकी रेघ आहे ना, ते बघा. एलियसला आहे आणि लोकेशनला नाही, अशा स्थितीत पत्त्यात दोन टिंबं घालून बाहेरच्याला वरच्या फोल्डरातल्या फायली वाचता येतात. साइट चांगली चाललेली असते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

आणि ४०३ही नाही, ४०४ही नाही, पानच ५०० देतंय, असं डिप्लॉयनंतर झालं तर मॅनिफेस्ट (फायलींच्या मूळ आणि बदललेल्या नावांची यादी) पाहा. फायलींच्या नावात हॅश (मजकुरावरून बनलेली खूण) घालणारं स्टोरेज वापरत असाल तर कलेक्टस्टॅटिक न चालवता पान उघडल्यावर त्या फाइलची नोंद मॅनिफेस्टमध्ये सापडत नाही आणि जँगो सरळ एरर देतो. घरी डीबग चालू असताना हॅश लागतच नाही, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत. पुढे जँगो ५.१ वर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: जुनी ‘स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज’ ही सेटिंग त्यात काढून टाकली आहे, ‘स्टोरेजेस’ मध्ये लिहावं लागतं. जुनी ओळ राहिली तर कुरकुर न करता दुर्लक्षित होते आणि हॅश गुपचूप गायब.

७७७ बद्दल

कुणीतरी सांगेलच, म्हणून लिहिते. ७७७ केलं की ४०३ जातो, खरं आहे. त्याचबरोबर त्या सर्व्हरवरचा कुठलाही प्रोसेस तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये हवं ते लिहू शकतो आणि ते तुमच्या प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतं. रोगापेक्षा उपाय भयंकर. शिवाय पुढच्या डिप्लॉयला तयार होणारं नवं फोल्डर पुन्हा ७०० च असणार, म्हणजे मूळ दुखणं तिथल्या तिथेच.

आमची आताची वाटणी अशी आहे. कोड आणि स्टॅटिक डिप्लॉय युजरचं. गनिकॉर्न ज्या युजरने चालतो त्याला तिथे फक्त वाचता येतं. मीडिया फोल्डर एवढंच गनिकॉर्नच्या युजरचं, कारण अपलोड तिथेच उतरतात. इंजिनएक्सला दोन्हीकडे वाचायची मुभा, लिहायची कुठेच नाही. दादाला डिप्लॉय युजरची एसएसएच किल्ली दिली. पहिल्या आठवड्यात त्याने सवयीने दोनदा रूट होऊन स्क्रिप्ट चालवली, दोन्ही वेळा ती पहिल्याच ओळीत थांबली, आणि मला “हे काय लावलंस” असा मेसेज आला.

बॅकअपचं एक राहिलं. टारमधून (फायलींच्या एकत्र गठ्ठ्यातून) मीडिया परत आणताना रूट म्हणून उघडलं तर टार जुने मालक आणि जुन्या परवानग्या तशाच बसवतो. त्या नावाचा युजर नव्या सर्व्हरवर नसेल तर एलएसमध्ये मालकाच्या जागी नुसता १००१ सारखा आकडा दिसतो, आणि तो क्रमांक तिथे भलत्याच कुणाचा असला तर त्याचं नाव दिसतं. आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेनेही, -ए लावून रूटने आणलं तर, साधारण हेच होतं; तिथे --चमॉड=डी७५५,एफ६४४ असा पर्याय जोडता येतो, म्हणजे फोल्डरं आणि फायली येतानाच सरळ होतात. बॅकअप उतरवून झाला की मालकी एकदा बसवा आणि डिप्लॉय स्क्रिप्टमधली फाइंडची तपासणी मीडियावरही चालवा.